पिसवांना नावं देणारा बँकर

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घराघरांत पिसवांचा त्रास सुरू झाला. उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी उठू लागल्या. देशात माणसाला प्लेग झाल्याची त्याआधीची शेवटची नोंद १९६६ सालची होती. मधल्या २८ वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी प्लेगचा एकही रुग्ण न बघता शिकून बाहेर पडली होती. त्याच्या वर्षभर आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबादची गावं जमीनदोस्त केली होती. माळवदाची घरं बसली, कणग्या आणि बळदांतलं धान्य मातीत गेलं, लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. सोडून दिलेल्या घरांत आणि धान्यात उंदीर माजले, रानातल्या उंदरांत दबा धरून असलेला रोग घरच्या उंदरांत आला, असा तर्क तेव्हा अनेक तज्ज्ञांनी मांडला होता.

तपासणी पथकं आली, पिंजरे लागले, उंदरांच्या अंगावरून पिसवा झाडून कुप्यांत भरल्या गेल्या. आता पिसवा आहेत एवढं तर गावातलं पोरही सांगत होतं. पथकाला हवं होतं ते वेगळं, या पिसवा नेमक्या कोणत्या जातीच्या आहेत ते. एका उंदरामागे झेनोप्सिला चिओपिस या जातीच्या सरासरी एकाहून जास्त पिसवा निघाल्या, तर तो धोक्याचा इशारा समजतात. ग्रंथांत या नावापुढे एक आडनाव आणि एक साल छापलेलं असतं : रॉथचाइल्ड, १९०३.

होय, तेच रॉथचाइल्ड. युरोपातल्या राजांना आणि सरकारांना कर्ज देणारं ते बँकर घराणं.

नॅथॅनिएल चार्ल्स रॉथचाइल्ड यांचा जन्म ९ मे १८७७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील घराण्याच्या इंग्लंडमधल्या बँकेचे प्रमुख आणि ब्रिटिश लॉर्ड. थोरला भाऊ वॉल्टर प्राण्यांच्या नादाने पूर्ण झपाटलेला. झेब्रे जुंपलेल्या गाडीतून तो लंडनमध्ये फिरायचा आणि ट्रिंग गावी त्याने स्वतःचं प्राणिसंग्रहालय उभं केलं होतं. वॉल्टरला हिशेबात गोडी नव्हती, गतीही नव्हती. त्यामुळे बँकेचं जू आपोआप धाकट्याच्या मानेवर आलं. चार्ल्सलाही लहानपणापासून फुलपाखरं आणि किड्यांचं वेड होतं, पण तो कर्तव्याला बांधलेला मुलगा होता. हॅरोच्या नामांकित शाळेत ज्यू म्हणून त्याचा फार छळ झाला. त्या दिवसांचा ओरखडा आयुष्यभर राहिला. पुढे केंब्रिजमध्ये विज्ञान शिकून झाल्यावर त्याने बँकेत जायला सुरुवात केली. दिवसा सोनं, कर्जरोखे आणि व्याज. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी सूक्ष्मदर्शक.

त्या काळच्या हौशी निसर्गप्रेमींना फुलपाखरं, पक्ष्यांची अंडी, भुंगेरे गोळा करायला आवडायचं. पिसवा कोण गोळा करणार? रंग नाही, रूप नाही, पंख नाहीत, वर चावतात. चार्ल्स यांनी त्याच निवडल्या. जगभरच्या शिकाऱ्यांना, प्रवाशांना, वखारीतल्या कारकुनांना, लष्करी डॉक्टरांना पत्रं गेली : कुठलाही प्राणी वा पक्षी मारलात किंवा पकडलात, तर त्याच्या अंगावरच्या पिसवा मद्यार्कात घालून पाठवा. कुप्या येत राहिल्या. ट्रिंगच्या संग्रहालयात कार्ल जॉर्डन नावाचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ होते, त्यांची साथ मिळाली. पुढच्या २५ वर्षांत चार्ल्स यांनी पिसवांच्या सुमारे ५०० नव्या जातींचं वर्णन केलं, त्यातल्या बऱ्याच जॉर्डन यांच्या जोडीने. आज जगात पिसवांच्या जेमतेम अडीच हजार जाती माहीत आहेत, हे लक्षात घेतलं की एका अर्धवेळ माणसाच्या कामाचा आवाका कळतो. आलेला पैसा संग्रहावर खर्च करणारे श्रीमंत पुष्कळ असतात. रोज रात्री स्वतः डोळे फोडणारे थोडे.

नवी जात ‘सापडणं’ आणि तिचं ‘वर्णन करणं’ यात मोठा फरक आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी आणि टणक. तशीच सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर काळा ठिपका दिसतो. म्हणून आधी ती पोटॅशच्या द्रावात ठेवून आतला मऊ भाग विरघळवायचा, पारदर्शक कवच उरतं ते धुवायचं, मद्यार्कात पाणी काढून टाकायचं, लवंगेच्या तेलात निवळवायचं आणि काचपट्टीवर कॅनडा बाल्समच्या थेंबात कायमचं बसवायचं. मग एकेक केस मोजायचा. डोक्याखाली आणि मानेवर काट्यांचा कंगवा आहे की नाही, नराच्या जननेंद्रियाच्या पट्ट्या कशा वळल्या आहेत, मादीच्या पोटातली शुक्राणू साठवायची इवलीशी पिशवी कशी आहे. आधी नोंदलेल्या सगळ्या जातींशी ताडून पाहायचं. कशाशीच जुळली नाही तर चित्र काढायचं, लॅटिन नाव द्यायचं, छापायचं आणि तो नमुना जपून ठेवायचा, म्हणजे शंभर वर्षांनीही कुणाला पडताळून पाहता येईल.

लातूर-नांदेडच्या उसावर कांड्यांना चिकटून बसणारी खवले कीड शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. तिचीही ओळख अशीच पटवतात. मेणासारखं खवलं काढून आतली मादी पोटॅशमध्ये निवळवायची आणि काचपट्टीवर तिच्या शेपटीकडच्या कडेचे दाते, छिद्रं बघायची. या किडीचं वर्णन अर्नेस्ट ग्रीन या श्रीलंकेतल्या कीटकतज्ज्ञाने केलं आणि योगायोगाने तेही साल १९०३ च होतं. उसाचं नुकसान करणाऱ्या किडीला नाव हवं, हे कुणालाही पटतं. १९०३ साली उंदरावरच्या पिसवेला नाव हवं, हे मात्र फारच थोड्यांना पटलं असतं.

१९०१ मध्ये चार्ल्स सुदानला गेले होते. बरोबर वोलास्टन हा मित्र. नाईलच्या काठी शेंडी नावाचं गाव आहे, तिथे तंबू पडला. दिवसभर पक्षी आणि उंदीर पकडायचे, अंगावरच्या पिसवा वेचायच्या. तिथल्या उंदरांवर एक पिसू वारंवार मिळाली, तिला डोक्याखाली किंवा मानेवर कंगवा नव्हता. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ताडून पाहिलं, तर तिची कुठेच नोंद नव्हती. इजिप्तचा भव्य पिरॅमिड बांधणाऱ्या चिऑप्स राजावरून त्यांनी तिचं नाव ‘प्युलेक्स चिओपिस’ ठेवलं आणि १९०३ मध्ये एका कीटकशास्त्रीय मासिकात तिचं वर्णन छापलं. पुढे तिचं कुळ बदलून झेनोप्सिला झालं. बस्स, एवढंच. रोगाचा उल्लेख करण्याचं कारणच नव्हतं.

इकडे मुंबईत तेव्हा काय चाललं होतं? सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याच्या दोन वर्षं आधी हाँगकाँगमध्ये येरसँ यांनी रोगाचा जंतू शोधला होता, पण तो उंदराकडून माणसाकडे येतो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जमिनीतून, घाणीतून, धान्यातून, हवेतून अशा सगळ्या तर्कांवर सरकार एकाच वेळी उपाय करत होतं. घरांत शिरून झडत्या, सामान जाळणं, भिंतींवर जंतुनाशकं ओतणं, माणसं जबरदस्तीने छावण्यांत हलवणं. पुण्यात त्यातूनच रँडचा खून झाला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले मार्च १८९७ मध्ये गेल्या. दख्खनच्या खेड्यांत उंदीर पडले की लोक गाव सोडून शेतात खोपटं घालून राहायला जात. वैद्यकशास्त्राला कारण माहीत नसताना लोकांनी अनुभवातून शोधलेला हा उपाय सरकारी उपायांपेक्षा जास्त शहाणपणाचा होता, असं आज म्हणावं लागतं.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत पिसवेवर बोट ठेवलं. आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांच्यामध्ये जाळी, स्पर्श नाही, तरी पिसवांमुळे दुसरा उंदीर मेला. त्यांच्यावर विश्वास ठेवायला फारसं कोणी तयार नव्हतं. एक आक्षेप तर अगदी रास्त वाटायचा : युरोपातल्या उंदरांवरची नेहमीची पिसू माणसाला सहसा चावतच नाही, मग ती रोग कसा देईल? युरोपातली उंदराची पिसू आणि मुंबईतली उंदराची पिसू या दोन वेगळ्या जाती आहेत, हेच त्या वादात कुणाच्या लक्षात नव्हतं.

परळच्या प्लेग प्रयोगशाळेत (तीच आजची हाफकिन संस्था) ग्लेन लिस्टन नावाचे लष्करी डॉक्टर काम करत होते. एका चाळीत आधी उंदीर मेले, मग रहिवाशांना पिसवांनी हैराण केलं आणि मग माणसं आजारी पडली, हा क्रम १९०४ मध्ये त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चाळीत गिनीपिग मोकळे सोडले. उंदराच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या. मुंबईच्या उंदरांवरची ही पिसू म्हणजे रॉथचाइल्ड यांनी वर्षभरापूर्वी शेंडीच्या नमुन्यांवरून वर्णन केलेली चिओपिसच निघाली. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मग परळला मुद्दाम कोठड्या बांधून प्रयोग केले. जमिनीलगत ठेवलेले गिनीपिग प्लेगने मेले, पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. आयोगाचं काम ज्या नियतकालिकात छापून येत होतं, त्यातच १९०६ मध्ये रॉथचाइल्ड यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या उंदरांवर कोणत्या पिसवा किती प्रमाणात आढळतात, यावर एक टिपण लिहिलं. तीनच पानांचं. बँकेच्या त्या माणसाचं नाव आता डॉक्टरांच्या वाचनात येऊ लागलं.

१९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत बॅकॉट आणि मार्टिन यांनी उरलेला दुवा शोधला. चिओपिस पिसवेने प्लेगचं रक्त प्यायलं की तिच्या जठराच्या तोंडाशी जंतू वाढून त्यांचा बोळा बसतो. रक्त खाली उतरत नाही. उपाशी पिसू वेड्यासारखी चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यात जंतू मिसळलेलं रक्त जखमेत ओकते. तिचं उपाशी राहणं हाच आपला घात.

तरी एक कोडं उरलं होतं. मुंबई, पुणे, पंजाब प्लेगने पोळून निघाले. एका कोटीहून जास्त माणसं भारतात या साथीत गेली. मग मद्राससारखं गजबजलेलं बंदर, उंदीर तेवढेच, गरिबी तेवढीच, ते जवळपास कोरडं कसं राहिलं? हवामान, पाऊस, घरांची बांधणी अशी बरीच उत्तरं दिली गेली. १९११ मध्ये रॉथचाइल्ड यांनी चिओपिसशी अगदी मिळत्याजुळत्या एका पिसवेचं वर्णन केलं आणि तिला ‘अ‍ॅस्टिया’ नाव दिलं. १९१४ मध्ये भारतातल्या उंदरांवर झेनोप्सिला कुळाच्या तीन जाती आहेत, हे सांगणारा आणखी एक छोटा लेख लिहिला. म्हणजे त्याआधी इथे जे जे ‘चिओपिस’ म्हणून मोजलं गेलं होतं, ते सगळं एकच नव्हतं. मादीच्या त्या इवल्या पिशवीचा फुगीर भाग आणि शेपटी यांच्या प्रमाणात फरक, नराच्या शेपटीकडच्या पट्ट्यांत फरक. भिंगाशिवाय तिन्ही बहिणी एकसारख्या.

त्याच सुमारास कोलंबोत हर्स्ट नावाचे डॉक्टर हे कोडं सोडवत होते. कोलंबोच्या उंदरांवर मुख्यतः अ‍ॅस्टिया होती. शहरात १९१४ मध्ये प्लेग आला तरी तो मुंबईसारखा पसरला नाही. अ‍ॅस्टिया माणसाला चावायला तेवढी उतावीळ नसते आणि तिच्यात जंतूंचा बोळाही तेवढ्या सहज बसत नाही. नंतर क्रॅग यांनी भारतभरच्या उंदरांवरच्या पिसवा तपासून नकाशा मांडला. जिथे चिओपिसचं राज्य तिथे प्लेगचं थैमान, जिथे अ‍ॅस्टिया जास्त तिथे रोगाला पाय रोवता आले नाहीत. मद्रास अ‍ॅस्टियाच्या बाजूला पडलं होतं. हवामान आणि व्यापाराचाही वाटा होताच, पण मोठा वाटा या दोन पिसवांमधल्या, केसाहून बारीक फरकाचा होता. तो फरक हौसेपोटी नोंदवून ठेवणारा कुणी नसता, तर मद्रासचं उत्तर अजून किती वर्षं हवेत आणि पावसात शोधलं गेलं असतं, कोण जाणे.

वैद्यकात आजही ‘किडा ओळखणं’ हे दुय्यम काम मानतात. कीटकशास्त्रज्ञाची जागा रिकामी राहिली तरी आरोग्य खात्यात फारशी ओरड होत नाही. पण प्लेगच्या गावात काय आधी करायचं, हे पिसू कळल्यावरच ठरलं. उंदीर आधी मारायचे नाहीत. उंदीर मेला की थंड पडतो आणि उपाशी पिसवा जवळच्या गरम अंगावर, म्हणजे माणसावर, उडी घेतात. म्हणून आधी बिळांत आणि घराच्या कडेने कीटकनाशक पावडर टाकून पिसवा मारायच्या, उंदरांचा बंदोबस्त त्यानंतर. घरात किंवा गोठ्यात एकाएकी बरेच उंदीर मेलेले दिसले, तर ते हाताने उचलू नयेत, आरोग्य केंद्राला कळवावं. प्लेगवर आता स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी हमखास औषधं आहेत, मात्र ती वेळेत सुरू व्हायला हवीत. आणि हीच चिओपिस उंदरांकडून टायफसचा एक प्रकारही माणसाला देते. न उतरणाऱ्या तापाच्या रुग्णाला घरातल्या उंदरांबद्दल विचारायला हरकत नसते.

चार्ल्स यांची बँकेतली हजेरी या सगळ्या काळात चुकली नाही. १९०७ मध्ये त्यांनी रोझिका फॉन वेर्टहाइमश्टाइन या हंगेरियन तरुणीशी लग्न केलं. ती त्या काळची नावाजलेली टेनिसपटू होती. चार मुलं झाली, तीन मुली आणि एक मुलगा. १९१२ मध्ये त्यांनी निसर्ग राखून ठेवण्यासाठी एक संस्था काढली. पक्षी किंवा फुलपाखरू वाचवायचं तर त्याची जागा वाचवायला हवी, हा विचार तेव्हा नवा होता. ब्रिटनमधल्या राखून ठेवण्याजोग्या २८४ जागांची यादी या संस्थेने महायुद्धाच्या धामधुमीत सरकारकडे दिली. सरकारने ती बाजूला ठेवली. त्यातल्या बऱ्याच जागा नंतर नांगराखाली आणि घरांखाली गेल्या. पिसवांचा संग्रह त्यांनी १९१३ मध्ये ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला.

१९१५ मध्ये वडील वारले आणि बँकेची धुरा त्यांच्यावर आली. पुढच्या काही वर्षांत प्रकृती ढासळत गेली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात मेंदूच्या दाहाची एक विचित्र साथ आली होती. रुग्ण दिवसचे दिवस गुंगीत पडून राहत. काही जण वाचत, पण वाचलेल्यांच्या मागे कंप, निद्रानाश आणि खोल नैराश्य लागे. त्या रोगाचं कारण अजूनही सापडलेलं नाही आणि तेव्हा त्यावर उपचार असा काही नव्हताच. चार्ल्स यांना हा आजार झाला होता असं सांगितलं जातं. ते उपचारांसाठी बराच काळ स्वित्झर्लंडमध्ये राहिले. घरी परत आले, तरी मन उभारी धरेना. १२ ऑक्टोबर १९२३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. रोगाच्या वाहकाला ज्यांनी नाव दिलं, त्यांच्या स्वतःच्या आजाराला वैद्यकाकडे नावापलीकडे काही देता आलं नाही. मेंदूच्या आजारातून येणारं नैराश्य हा मनाचा दुबळेपणा नसून त्या आजाराचाच भाग असतो, हे आज डॉक्टर रुग्णाच्या घरच्यांना सांगू शकतात. त्या काळी घरोघर असं मरण झाकून ठेवलं जाई, तसंच या घरातही झालं.

थोरली मुलगी मिरियम तेव्हा १५ वर्षांची होती. शाळेत तिला घातलंच नव्हतं. वडिलांच्या मागे कुरणांत फिरत ती शिकली होती. मोठी झाल्यावर तिने पिसवांच्या त्याच काचपट्ट्या हातात घेतल्या आणि हॉपकिन्स या सहकाऱ्याबरोबर वडिलांच्या संग्रहाची सचित्र सूची करायला बसली. पहिला खंड १९५३ मध्ये आला, पाचवा १९७१ मध्ये. मधल्या काळात पिसू उडी कशी मारते याचाही तिने छडा लावला : पायाच्या मुळाशी रबरासारखं एक प्रथिन असतं, ते दाबलं जातं आणि एकदम सुटतं.